आचार्य धर्मानंद कोसंबी : दृष्टान्त, कथा आणि इतिहास

पालि वाङ्मयाचा मराठी वाचकाशी जो पहिला सखोल परिचय झाला, तो मुख्यतः आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांच्या परिश्रमांचे फळ होय. संशोधक, अध्यापक, काही काळ भिक्षू आणि पुढे सत्याग्रही असे त्यांच्या आयुष्याचे अनेक पैलू आहेत. परंतु त्यांच्या वाङ्मयीन कार्याकडे पाहणाऱ्याला एक प्रश्न सतत जाणवत राहतो. ज्या लेखकाने १९१४ मध्ये ‘बुद्धलीलासारसंग्रह’ लिहून बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा मराठी वाचकापुढे भक्तिभावाने ठेवल्या, त्याच लेखकाने पाव शतकानंतर ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात बुद्धचरित्रातील अत्यंत लोकप्रिय आख्यायिका प्रमाणांच्या कसोटीवर घासून बाजूला सारल्या. ही दोन कार्ये परस्परविरोधी होती काय? बौद्ध परंपरेत कथेला आणि दृष्टान्ताला जे स्थान आहे, त्याच्या संदर्भात कोसंबींचे चरित्र पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका सारस्वत कुटुंबात झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता होती, आणि खेड्यात राहणाऱ्या मुलाला व्यवस्थित शिक्षण मिळण्याची सोय जवळपास नव्हती. गावच्या मराठी शाळेतील थोडेसे शिक्षण आणि हाती लागतील ती मराठी पुस्तके एवढीच त्यांची शिदोरी. प्रकृती अशक्त, लग्न लहान वयात झालेले, घरची नारळीची बागाईत सांभाळण्याचे काम अंगावर पडलेले. अशा परिस्थितीत तुकारामांच्या अभंगांनी त्यांच्या मनाला आधार दिला. पुढे ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचे एक छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले. मुलांसाठी सोप्या भाषेत सांगितलेल्या त्या गोष्टीने विशीतल्या धर्मानंदांच्या आयुष्याची दिशा ठरविली. ज्याला पुढे पालि पिटकांचा एक प्रमुख भारतीय अभ्यासक म्हणून जग ओळखणार होते, त्याचा बौद्ध धर्मातील प्रवेश एका गोष्टीच्या दारातून झाला, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८९८ मध्ये वडिलांचे निधन झाले. १८९९ च्या अखेरीस धर्मानंदांनी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून घर सोडले. या गृहत्यागाचे मोल घरातल्यांनाही द्यावे लागले, आणि त्याची जाणीव त्यांना जन्मभर राहिली. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच्या दोषांवर पांघरूण घातलेले नाही. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या सहवासात संस्कृतचे महत्त्व पटले. तेथून ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले आणि अन्नछत्रात जेवून तेथील पंडितांकडे संस्कृताचे अध्ययन करू लागले. परंतु बुद्धाचा धर्म शिकावा हा मूळ हेतू काशीत सिद्ध होण्यासारखा नव्हता. १९०२ मध्ये ते नेपाळला गेले. जेथे बुद्धाचा जन्म झाला त्या देशात त्याचा धर्म जिवंत असेल ही त्यांची अपेक्षा होती; प्रत्यक्षात जे दिसले त्याने त्यांची निराशा झाली. बुद्धगयेस त्यांना सिंहलद्वीपाचा मार्ग समजला आणि कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या साहाय्याने ते कोलंबोस पोहोचले. विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या छत्राखाली त्यांनी पालि भाषेचा अभ्यास केला व श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात भिक्षू होऊन, ञाणतिलोक या जर्मन भिक्षूसमवेत सगाईंगच्या डोंगरातील लेण्यांत त्यांनी ध्यानाभ्यासही केला.

या वर्षांत पिटकग्रंथ मूळ भाषेत वाचताना धर्मानंदांना बुद्धाच्या उपदेशाची जी रीत आढळली, तिच्यात दृष्टान्ताचे स्थान केंद्रवर्ती आहे. मज्झिमनिकायातील चूळमालुंक्यसुत्तात जग शाश्वत की अशाश्वत असा हट्टाने प्रश्न करणाऱ्या शिष्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला आहे : बाण मारणाऱ्याचे कुळ, गाव आणि वर्ण समजेपर्यंत बाण काढू न देणारा माणूस मरूनच जाईल. सुत्तनिपातातील कसिभारद्वाज हा शेतकरी ब्राह्मण भिक्षू श्रम करीत नाहीत म्हणून टोमणा मारतो, तेव्हा त्याला त्याच्याच शेतीच्या परिभाषेत उत्तर मिळते. श्रद्धेला बीज आणि प्रज्ञेला नांगर मानणारे ते रूपक शेतकऱ्याला उलगडून सांगावे लागत नाही. अतिशय कठोर तप करून थकलेल्या सोणाला वीणेच्या तारांचा दाखला मिळतो, कारण तो घरी असताना वीणा वाजवीत असे. दीघनिकायात सिगाल नावाचा तरुण वडिलांच्या सांगण्यावरून सहा दिशांना नमस्कार करताना भेटतो. त्याचा विधी बंद करण्याऐवजी त्या दिशांना माता-पिता, गुरू, पत्नी, मित्र, सेवक आणि श्रमण-ब्राह्मण असा अर्थ दिला जातो.

या सर्व ठिकाणी एक समान सूत्र आहे. श्रोता जेथे उभा आहे तेथून त्याला पुढे न्यावयाचे, त्याच्या व्यवसायातील आणि अनुभवातील वस्तूच त्याच्या हाती साधन म्हणून द्यावयाची. या कौशल्याला पालि ग्रंथांत उपायकोसल्ल असा शब्द आहे. महायान परंपरेने त्याचा फार मोठा विस्तार केला. सद्धर्मपुंडरीक सूत्राचा दुसरा परिवर्त उपायकौशल्याचाच आहे आणि तिसऱ्यात पेटलेल्या घराचा प्रसिद्ध दृष्टान्त येतो. खेळात रमलेल्या मुलांना बाहेर काढण्यासाठी बाप त्यांना बोकडांच्या, हरिणांच्या व बैलांच्या गाड्यांचे आमिष दाखवितो आणि ती बाहेर आल्यावर सर्वांना सारखाच श्रेष्ठ रथ देतो. बापाने खोटे सांगितले काय, हा प्रश्न त्या सूत्रानेच उपस्थित केला आहे आणि बाप निर्दोष असल्याचा निर्वाळाही दिला आहे.

स्थविरवादी पिटकात मात्र याच प्रश्नाला एक वेगळी मर्यादा घातलेली दिसते. अलगद्दूपमसुत्तात एकाच ठिकाणी दोन दृष्टान्त आहेत. पहिला सापाचा : साप भलत्या जागी धरला तर तो धरणाऱ्यालाच डसतो, तसा चुकीच्या रीतीने घेतलेला उपदेश घातक ठरतो. दुसरा तराफ्याचा : नदी उतरून गेल्यावर तराफा डोक्यावर घेऊन फिरणारा माणूस शहाणा नव्हे. साधन कसे धरावे आणि केव्हा खाली ठेवावे, या दोन्ही गोष्टींचा विवेक येथे शिकविला आहे. कोसंबींच्या पुढील सर्व लेखनात हा विवेक निरनिराळ्या रूपांनी प्रकट झालेला आढळतो.

१९०६ च्या सुमारास कोसंबींनी चीवर उतरविले. भारतात राहून धर्माचे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचवावयाचे तर भिक्षुवेष सोडून अध्यापकाचे काम पत्करणे त्यांना इष्ट वाटले. कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात आणि नंतर विश्वविद्यालयात त्यांनी पालि शिकविली. येथेच स्थिर होऊन मोठे वेतन मिळविणे त्यांना शक्य होते. परंतु बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी, महाराष्ट्रात कोठेही राहून ग्रंथलेखन करावे या अटीवर, दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा कोसंबींनी कलकत्त्याची नोकरी सोडली. या निर्णयात भाषेचा प्रश्न गुंतलेला होता. त्या काळी पालिविषयक संशोधन इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये प्रसिद्ध होई. विद्वत्तेची मान्यता त्याच मार्गाने मिळे. विनयपिटकातील चुल्लवग्गात बुद्धवचन छंदोबद्ध करण्याची दोन ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्षूंची सूचना बुद्धाने नाकारल्याचा आणि आपापल्या भाषेत ते शिकण्यास अनुज्ञा दिल्याचा प्रसंग आहे. कोसंबींनी मराठीची केलेली निवड त्या अनुज्ञेशी सुसंगत होती. श्रोत्याची भाषा हेच उपदेशाचे पहिले साधन होय.

बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ (१९१०) हे छोटे पुस्तक निर्माण झाले. त्यानंतरचा ‘बुद्धलीलासारसंग्रह’ हा ग्रंथ अधिक विस्तृत असून त्याची रचना त्रिविध आहे : बोधिसत्त्वाच्या पूर्वजन्मांच्या कथा, बुद्धाचे चरित्र आणि त्याचा उपदेश. पुराणकथा आणि संतचरित्रे यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला बुद्धाची ओळख व्हावयाची तर ती कथेच्या द्वारा व्हावी, हा त्यामागील हिशेब उघड आहे. जातककथांचा मराठी संग्रहही त्यांनी केला. पालि जातकट्ठकथेत ५४७ जातके असून प्रत्येकाची घडण ठरलेली आहे. प्रथम वर्तमानकाळातील एखादा प्रसंग, बहुधा भांडण किंवा मोह; मग त्यावरून सांगितलेली भूतकाळची कथा; तिच्यातील गाथा; आणि अखेरीस कथेतील पात्रे वर्तमानातील कोणती माणसे होत याचा समोधान नावाचा मेळ. म्हणजे जातक ही निव्वळ करमणुकीची गोष्ट नसून समोरच्या माणसाला त्याचे स्वतःचे वर्तन दुसऱ्याच्या रूपात दाखविण्याची ती एक युक्ती आहे. कोसंबींचे मराठी या कामास अनुरूप होते. त्यांच्या गद्यात अलंकार फार थोडे. वाक्ये लहान आणि सरळ. पारिभाषिक शब्द आला की त्याचा अर्थ लगेच सांगितलेला.

याच सुमारास त्यांचा हार्वर्ड विश्वविद्यालयाशी संबंध आला. हेन्री क्लार्क वॉरन यांनी बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले होते; १८९९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने ते अपुरे राहिले. ते पूर्ण करण्यासाठी कोसंबी १९१० मध्ये अमेरिकेस गेले. संपादनाचे श्रेय कोणाच्या नावे असावे याविषयी प्राध्यापक चार्ल्स रॉकवेल लॅनमन यांच्याशी मतभेद होऊन १९१२ मध्ये ते परतले. मात्र ते काम त्यांनी सोडले नाही. १९१८ ते १९२२, १९२६–२७ आणि १९३१–३२ असे आणखी तीन वेळा ते हार्वर्डला गेले. त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने १९४० मध्ये प्रसिद्ध केली; हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर आली. पाठभेदांची तुलना, अट्ठकथा व मूळ सुत्ते यांतील कालभेद आणि ग्रंथातील स्तर वेगळे करण्याची रीत यांचे जे शिक्षण या कामातून झाले, त्याने त्यांच्यातील कथाकाराशेजारी एक कठोर इतिहाससमीक्षक उभा केला. अशोकाच्या भाब्रू शिलालेखात ज्या सुत्तांचा उल्लेख आहे ती पिटकात नेमकी कोणती, याविषयीचे त्यांचे विवेचन १९१२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. त्यावरून सुत्तनिपाताच्या प्राचीनतेविषयी त्यांचे मत दृढ झाले.

१९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालि शिकविली. मुंबई विश्वविद्यालयाच्या अभ्यासक्रमात पालिला स्थान मिळवून देण्यात डॉ. भांडारकरांच्या बरोबरीने त्यांचा वाटा होता. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, ना. के. भागवत आणि चिं. वै. राजवाडे हे त्यांचे विद्यार्थी पुढे स्वतः पालिचे अधिकारी पंडित झाले. नंतर अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात महात्मा गांधींच्या सान्निध्यात त्यांनी अध्यापन केले. १९२९ मध्ये ते लेनिनग्राडला गेले, १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी कारावास पत्करला. १९३७ च्या सुमारास मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बिर्ला कुटुंबाच्या आर्थिक साहाय्याने ‘बहुजनविहार’ उभा राहिला, आणि तेथे त्यांनी काही काळ वास्तव्य केले. केंब्रिजच्या ग्रंथालयात पाठभेद लावणारा पंडित परळमध्ये गिरणी कामगारांच्या शेजारी येऊन राहिला. हे दोन्ही श्रोतृवर्ग त्यांना आपलेच वाटत होते.

‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ (१९३५) या ग्रंथात कोसंबींनी धर्मसंस्थांच्या ऱ्हासाची जी चिकित्सा केली, तिच्यातून बौद्ध संघही सुटला नाही. राजाश्रय आणि दाने यांच्या आधारे विहार संपन्न झाले, भिक्षू परिग्रही बनले, आणि लोकांना रिझविण्यासाठी चमत्कारांनी भरलेल्या कथांची वाढ झाली, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. उपायकौशल्याच्या दृष्टीने पाहता हा आक्षेप मूलगामी आहे. जी कथा श्रोत्याच्या हितासाठी सांगितली गेली ती सांगणाऱ्याच्या लाभासाठी सांगितली जाऊ लागली, म्हणजे तिचे साधनपण संपते. तराफा नदीकाठी राहण्याऐवजी डोक्यावर चढतो, आणि पुढे त्याचीच पूजा सुरू होते.

‘भगवान बुद्ध’ (१९४०–४१) हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा परिपाक होय. साहित्य अकादेमीने पुढे अन्य भारतीय भाषांत त्याची भाषांतरे करविल्यामुळे मराठीबाहेरही तो परिचित झाला. या ग्रंथात त्यांनी बुद्धाच्या गृहत्यागाची रूढ कथा तपासली. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने राजपुत्राला वैराग्य आले व मध्यरात्री छन्न सारथ्यासह तो कंथक अश्वावरून निघून गेला, ही कथा ललितविस्तर, बुद्धचरित आणि जातकाची निदानकथा यांनी सर्वत्र पसरविली होती. एडविन आर्नल्ड यांच्या ‘लाइट ऑफ एशिया’ या १८७९ मधील काव्याने ती पाश्चात्त्य वाचकांतही लोकप्रिय केली होती. कोसंबींनी दाखवून दिले की चार दर्शनांचा प्रसंग दीघनिकायातील महापदानसुत्तात विपस्सी या पूर्वकालीन बुद्धाविषयी आलेला आहे आणि तेथून तो गोतमाच्या चरित्रात शिरला. मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्त तर आई-वडील रडत असताना त्याने गृहत्याग केल्याचे सांगते. तेथे मध्यरात्रीच्या पलायनाचा मागमूस नाही. शुद्धोदनाच्या चक्रवर्ती वैभवाचे वर्णनही कोसलाच्या वर्चस्वाखालील एका लहान गणराज्याच्या वस्तुस्थितीशी जुळत नाही.

मग गृहत्यागाचे कारण कोणते? कोसंबींनी सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताकडे लक्ष वेधले. त्याच्या आरंभीच्या गाथांत शस्त्रधारणाने उत्पन्न होणारे भय आणि थोड्या पाण्यातील माशांप्रमाणे तडफडत एकमेकांशी झगडणारी माणसे यांच्या दर्शनाने आपल्याला संवेग कसा झाला हे बुद्ध स्वतः सांगतो. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी हा संवेग कोसंबींनी जोडला. परंपरेनेही या सुत्ताचा संबंध त्या तंट्याशी लावला आहे, परंतु वेगळ्या प्रकारे. कुणालजातकाच्या वर्तमानकथेनुसार तो तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतर घडला; बुद्धाने दोन्ही सैन्यांच्या मध्ये जाऊन पाण्याचे मोल आणि क्षत्रियांच्या रक्ताचे मोल यांची तुलना करावयास लावली, मग फंदन, दुद्दुभ, लटुकिक, रुक्खधम्म व वट्टक ही जातके सांगितली आणि शेवटी अत्तदंडसुत्ताचा उपदेश केला. अट्ठकथेतील बुद्ध हे भांडण गोष्टी सांगून मिटवितो. कोसंबींच्या चरित्रातील बोधिसत्त्व तसलेच भांडण पाहून, शस्त्राने शस्त्राचा शेवट होत नाही हे ओळखून, घराबाहेर पडतो.

या निष्कर्षावर अर्थातच आक्षेप घेता येतो. अत्तदंडसुत्तात रोहिणीचे नाव नाही. आणि ज्या अट्ठकथेचे प्रामाण्य इतरत्र दुय्यम मानावयाचे तिच्याच आधारे नदीचे नाव स्वीकारावयाचे, यात पद्धतीचा काही ताण आहे. तथापि वैयक्तिक दुःखदर्शनापेक्षा सामाजिक कलहातून बुद्धाच्या शोधाचा आरंभ झाला, ही मांडणी अत्यंत फलदायी ठरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्याचा तंटाच मध्यवर्ती आहे. त्यामागे कोसंबींच्या संशोधनाची पूर्वपीठिका असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. १९५६ नंतर महाराष्ट्रातील लक्षावधी लोकांनी बुद्धाची जी प्रतिमा स्वीकारली, तिच्यातील एक महत्त्वाची रेषा अशा रीतीने या ग्रंथापर्यंत मागे नेता येते.

आख्यायिका छाटणाऱ्या कोसंबींनी कथेचा मार्ग मात्र सोडला नाही, हे विशेष होय. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी ‘बोधिसत्त्व’ हे नाटक लिहिले आणि त्यात शाक्य-कोलियांच्या संघर्षासह बोधिसत्त्वाचा गृहत्याग नाट्यरूपाने मांडला. संशोधनाने हाती आलेले सत्य प्रबंधात ठेवून ते थांबले नाहीत. चार दर्शनांची कथा ज्या वाचकाच्या मनातून काढली त्याला तिच्या जागी दुसरी, त्यांच्या मते अधिक खरी कथा देणे त्यांना आवश्यक वाटले. दीघनिकायातील कूटदंतसुत्तात महाविजित राजाची कथा आहे. त्याचा पुरोहित त्याला शेतकऱ्यांना बी-बियाणे, व्यापाऱ्यांना भांडवल आणि सेवकांना योग्य वेतन देण्यास सांगतो व पशुहत्येविना यज्ञ करवितो. अशी कथा घडली की नाही हे विचारणे निरर्थक आहे, कारण ती घडल्याचा आग्रह धरून सांगितलेली नाही. यज्ञोत्सुक ब्राह्मणापुढे ठेवलेला तो आरसा आहे. याउलट बुद्धाने घर का सोडले हा घडलेल्या गोष्टीविषयीचा प्रश्न आहे, आणि तेथे सोयीची गोष्ट सांगणे कोसंबींना मान्य नव्हते. ‘भगवान बुद्ध’मधील मांसाहारविषयक विवेचनाने जैन समाजात क्षोभ उसळला, तेव्हाही त्यांनी पुराव्यापासून माघार घेतली नाही. दृष्टान्ताला दृष्टान्त म्हणून आणि इतिहासाला इतिहास म्हणून वागवावे, हा भेद त्यांनी कसोशीने पाळला.

जैनांविषयीचा त्यांचा आदर मात्र या वादाने उणावला नाही. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे त्यांचे पुस्तक मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. शरीर कार्यक्षम राहिले नाही तर अन्नत्याग करून ते सोडावे, या जैन सल्लेखनेच्या विचाराकडे ते उत्तरायुष्यात वळले होते. १९४६ मध्ये त्यांनी आरंभिलेला उपवास गांधीजींच्या सांगण्यावरून थांबविला; परंतु प्रकृती पुन्हा सावरली नाही. अखेर सेवाग्राम आश्रमात अन्न वर्ज्य करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. देहाची विल्हेवाट अल्प खर्चात लावावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. त्यांचे चिरंजीव दामोदर हे गणितज्ञ आणि प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून पुढे विख्यात झाले.

कोसंबींच्या जीवनाचा आरंभ एका बालमासिकातील बुद्धकथेपासून झाला. ती कथा त्यांना काशी, नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश येथे घेऊन गेली. मूळ ग्रंथ हाती आल्यावर त्या कथेतील बराचसा भाग इतिहास नाही हे त्यांच्या ध्यानात आले, आणि तसे त्यांनी लिहिलेही. परंतु जिने तीरापर्यंत आणले तिच्याविषयी त्यांनी तुच्छता बाळगली नाही. पुढच्या वाटसरूंसाठी त्यांनी जातके मराठीत आणली, आणि मराठी वाचकाला पहिल्यांदा बुद्ध भेटला तो पुष्कळदा याच गोष्टींतून.